'स्कॉलर' हा शब्द कोणाचा?

शब्दावर कोणाची मालकी असू शकते काय, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांना नवा नाही. डिसेंबर २००४ मध्ये तो रसायनशास्त्रज्ञांच्या एका संस्थेने न्यायालयात नेला. अमेरिकन केमिकल सोसायटीचे विद्यापीठांसाठीचे शोधसाधन 'सायफाइंडर स्कॉलर' या नावाने विकले जात असे. 'गूगल स्कॉलर' या नावामुळे आपल्या व्यापारचिन्हाचा भंग होतो, असा तिचा दावा होता. २००६ मध्ये तडजोड झाली. गूगलने योजलेले नाव आजही तेच आहे.

सभासदांच्या विद्वत्संस्थेला असा दावा का लावावासा वाटतो? आमच्या मते याचे उत्तर तिच्या जमाखर्चात आहे. १८७६ साली स्थापन झालेल्या या ना-नफा संस्थेला १९३७ साली अमेरिकी काँग्रेसची सनद मिळाली. १९०७ पासून ती रसायनशास्त्रीय लेखनाचे सारांश प्रसिद्ध करू लागली. सुरुवातीची कित्येक दशके ते बव्हंशी स्वयंसेवक शास्त्रज्ञांनी लिहिले. १९६५ पासून ती प्रत्येक पदार्थाला नोंदणी-क्रमांक देते. पाण्याचा क्रमांक ७७३२-१८-५. आज संस्थेचे बहुतांश उत्पन्न या माहितीसंग्रहांतून आणि नियतकालिकांतून येते. सभासद-वर्गणीचा वाटा अल्प आहे.

वर्गणीवर चालणारी संस्था सभासदांना बांधील असते. विक्रीवर चालणारी संस्था हळूहळू ग्राहकांचा आणि प्रतिस्पर्ध्यांचा विचार करू लागते. २००४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 'पबकेम' हा विनामूल्य संग्रह सुरू केला, तेव्हा रसायनशास्त्राला एक साथी मिळाला असे म्हणता आले असते. सोसायटीला मात्र त्यात करदात्यांच्या पैशावर उभा राहिलेला स्पर्धक दिसला आणि २००५ मध्ये तिने त्याची व्याप्ती मर्यादित ठेवण्याचा आग्रह धरला. पबकेम टिकले, आज त्यात १० कोटींहून अधिक संयुगे आहेत. सोसायटीचा व्यवसायही बुडाला नाही.

संस्थेची बाजू अगदीच पोकळ नाही. नोंदी तपासणाऱ्या जाणकारांना वेतन द्यावेच लागते. २०२१ मध्ये तिने सुमारे ५ लाख पदार्थांची माहिती सर्वांना विनामूल्य खुली केली, हेही नोंदवायला हवे. परंतु त्याआधी काही महिने, डिसेंबर २०२० मध्ये, साय-हबविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलेल्या तीन प्रकाशकांत एल्सेविअर व वायली या कंपन्यांच्या जोडीला ही सोसायटीही होती. सनद तिला विद्वत्संस्था म्हणते. दाव्यातले तिचे स्थान प्रकाशन-कंपन्यांच्या रांगेत आहे.

संहितेत काय म्हटले आहे आणि ती प्रत्यक्षात काय करते, यांतील अंतर शोधणे हे समीक्षेचे नित्याचे काम. तेच आपण संस्थांच्या बाबतीतही करावे. कोणत्याही विद्वत्संस्थेच्या उद्दिष्टांशेजारी तिचा ताळेबंद ठेवून वाचावा आणि दोहोंत विरोध आला तेव्हा तिने कोणाचे ऐकले, हे पाहावे.