इमारत राहू द्या, आधी नोंदवही उघडा

मंडळी, आज थोडं लांब लिहितोय आणि काही जणांना झोंबेल असं लिहितोय. आत्ता वेळ नसेल तर रात्री जेवण झाल्यावर वाचा. पण वाचा.

आपला जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. पंचवीस वर्षं उलटून गेली. जिल्ह्यासाठी जे मागितलं त्यातलं काही मिळालं, काही कागदावर राहिलं. पण "हिंगोलीला मोठा इतिहास आहे" हे वाक्य मात्र प्रत्येक भाषणात न मागता मिळालं. बातमीदार म्हणून मी ते इतक्या वेळा लिहून घेतलंय की आता वक्ता माइकपाशी आला की माझा पेन आपोआप ते वाक्य लिहून मोकळा होतो.

मोठा आहे ना? मग ठेवलाय कुठं?

राज्याच्या पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय तेरला आहे, पैठणला आहे, माहूरला आहे. हिंगोलीला नाही. यावर आपलं उत्तर ठरलेलं: निवेदन द्या, साहेबांसोबत फोटो काढा, "शासनाने तातडीने लक्ष घालावे" म्हणा आणि पुढच्या निवेदनापर्यंत झोपा. मागणी काय, तर भव्य इमारत. भूमिपूजनाचा नारळ, कोनशिला, कोनशिलेवर नावं कोणाची यावरून भांडण. त्या इमारतीत ठेवायचं काय, हे एकालाही विचारून बघा.

मी आज उलटं म्हणतोय. संग्रहालय शासन सुरू करत नसतं. गाव सुरू करतं, शासन नंतर येतं.

पटत नसेल तर मराठवाड्यातलीच उदाहरणं घ्या. तेरचं संग्रहालय आज सरकारी आहे, पण नाव रामलिंगप्पा लामतुरे यांचं आहे. गावातला व्यापारी माणूस. शेतात, पांढरीत, पावसानं उघडी पडलेली मातीची खेळणी, मणी, शंखाच्या बांगड्या, नाणी त्यांनी आयुष्यभर गोळा केली. सातवाहन काळातलं तेर रोमशी व्यापार करत होतं हे आज जगभरचे अभ्यासक सांगतात. तिथल्या हस्तिदंती बाहुलीची तुलना इटलीतल्या पॉम्पेईच्या मूर्तीशी होते. हे सगळं त्या माणसानं "हे काय कामाचं" म्हणून उकिरड्यावर टाकलं असतं तर? पैठणचं संग्रहालय बाळासाहेब पाटलांच्या संग्रहावर उभं राहिलं. संभाजीनगरला महापालिकेच्या संग्रहालयात डॉ. शांतिलाल पुरवारांनी जमवलेल्या वस्तू आहेत. तिकडे धुळ्यात ३१ डिसेंबर १९२६ ला वि. का. राजवाडे गेले, तर १९२७ मध्ये तिथल्या लोकांनी त्यांचे कागद सांभाळायला संशोधन मंडळ काढलं. महिने मोजा. आपण पंचवीस वर्षं निवेदनं मोजतोय.

आता आपल्याकडे ठेवायला काय आहे ते बघू. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार. रोज रिक्षावाल्याला सांगतो ती ही नावं. ही हैदराबाद कंटिन्जंटच्या छावणीची नावं आहेत. १८१९ पासून १९०३ पर्यंत इथं फौज होती. १८५३ च्या तहात निजामाला वऱ्हाड इंग्रजांच्या हाती द्यावा लागला, तो याच कंटिन्जंटच्या खर्चापायी. मेडोज टेलरच्या १८३९ सालच्या ठगांवरच्या इंग्रजी कादंबरीची प्रस्तावना वाचा. त्यात आपल्या छावणीत कापड विकणारा हरीसिंग नावाचा व्यापारी ठग निघाल्याची हकिगत आहे. लंडनच्या वाचकाला दोनशे वर्षांपूर्वी माहीत असलेली हिंगोली आपल्या पोराला माहीत नाही.

औंढ्याचं यादवकाळातलं मंदिर, नामदेवांची नरसी, हैदराबाद मुक्तिसंग्राम हे तर झालंच. त्याशिवाय कळमनुरीकडच्या आंध समाजाच्या आठवणी आहेत, तांड्यांवरचे भरतकामाचे कपडे आणि दागिने आहेत, हटकरांच्या लढ्याच्या कथा आहेत, उर्दूतले खरेदीखत आहेत, बुद्धविहारांतले जुने फोटो आहेत, मीटरगेज रेल्वेच्या काळातल्या वस्तू आहेत.

आहेत म्हणतोय, पण किती दिवस? जुना वाडा पाडला की माळ्यावरचं मोडी दप्तर रद्दीत जातं, किलोच्या भावानं. तांब्याचा घंगाळ मोडीत जातो. वीरगळाला ऑइलपेंट फासून त्याचा चेहरा घालवला जातो, नाहीतर तो नवीन ओट्याच्या पायात जातो. बारवेत कचरा. आणि मुक्तिसंग्राम डोळ्यांनी पाहिलेली पिढी? १७ सप्टेंबरला त्यांना शाल दिली, नारळ दिला, फोटो काढला. त्यांच्यापुढे मोबाइल ठेवून दोन तास बोलतं कोणी केलं? १९४८ ला जो दहा वर्षांचा होता तो आज नव्वदीच्या आसपास आहे. इथं "पुढच्या वर्षी बघू" चालत नाही.

यावर लोक म्हणतात, "दादा, हा रिकामटेकड्यांचा छंद आहे. पोट भरत नाही इतिहासानं."

असं कसं? २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीसाठी मराठवाड्यात निजामकाळातल्या नोंदींचा शोध सुरू झाला. कागद मोडीत, उर्दूत. ते वाचणारा माणूस शोधायची वेळ आली. आरक्षणाबद्दल तुमचं मत काहीही असो, पण एका जुन्या ओळीची किंमत काय असते हे त्या वर्षी घराघरात कळलं. जातपडताळणीला चकरा मारलेल्यांना हे आधीच माहीत होतं. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखांच्या आधीचा पुरावा दाखवा म्हणतात. आजोबांचा शाळेचा दाखला वाळवीनं खाल्ला म्हणून पोराचा प्रवेश अडकलेली घरं माझ्या गल्लीत आहेत. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या अर्जातही हे पीक इथलंच आहे याचा ऐतिहासिक पुरावा द्यावा लागतो. तेव्हा इतिहासानं पोट भरत नाही हे आधी त्या घरांना जाऊन सांगा, मग मला.

दुसरा आक्षेप, "आधी रस्ते, पाणी, मग हे." एका वहीनं कोणता रस्ता अडतो? आपल्याच औंढा तालुक्यात लायगो उभं राहतंय. केंद्रानं एप्रिल २०२३ मध्ये त्याला २,६०० कोटी मंजूर केले. अभिमान आहे. असल्याच यंत्रानं २०१५ मध्ये अमेरिकेत १३० कोटी वर्षांपूर्वीच्या टकरीची लाट टिपली. आणि त्याच मातीतल्या आपल्याला १३० वर्षांपूर्वी आपल्या गल्लीत कोण राहत होतं ते सांगता येत नाही.

तिसरा आक्षेप कोणी उघड बोलत नाही, पण खरा तोच आहे: इतिहास कोणाचा लावायचा? माझं उत्तर सरळ आहे. सगळ्यांचा. निजामाच्या जुलमाविरुद्ध लढलेल्यांचा पुराव्यासह. आणि त्या सप्टेंबरनंतर ज्या निरपराध घरांनी सोसलं, त्यांचंही, पुराव्यासह. ज्याला फक्त आपल्या जातीचा, आपल्या पक्षाच्या महापुरुषाचा कोपरा हवा, त्यानं चौकात बॅनर लावावा. तिथं जागा भरपूर आहे.

मग करायचं काय? खर्चाच्या क्रमानं सांगतो.

एक, नोंदवही. अनुक्रमांक, तारीख, वस्तू काय, माप, कोणी दिली, कुठं सापडली, देणगी की फक्त फोटो काढून परत, आणि देणाऱ्याची सही. मूळ कागद घरातच राहू द्या, आम्हाला फोटो द्या. यामुळे "वस्तू दिली तर गायब होईल" ही भीती निम्मी संपते. ही भीती खोटी नाही. म्हणूनच वही कोणालाही कधीही बघता आली पाहिजे.

दोन, संस्था. १८६० च्या कायद्यानं नोंदणीला सात माणसं लागतात. अख्ख्या जिल्ह्यात सात मिळत नसतील तर मग निवेदनंही बंद करा. अट एवढीच की तहहयात अध्यक्ष नको, एकाच घरातले तिघं नकोत, आणि दरवर्षीचा हिशेब चौकात लावायचा.

तीन, वाचणारे तयार करा. मोडीचा वर्ग, उर्दू दस्तऐवजांचा वर्ग. निवृत्त गुरुजी आणि मौलवीसाहेब अजून आहेत, त्यांना सन्मानानं बोलवा.

चार, शाळा. नववीच्या प्रत्येक पोरानं घरातल्या एका म्हाताऱ्या माणसाची अर्धा तास मुलाखत रेकॉर्ड करायची. दुष्काळ, रोहयो, गावातली पहिली वीज, काहीही.

आणि हो, कायदा पाळून. जमिनीत नाणी-दागिने सापडले तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुन्या मूर्तीची नोंदणी लागते. ती घरात लपवणारा आणि विकणारा, दोघंही इतिहासप्रेमी नाहीत.

लोकप्रतिनिधींना एकच विनंती. आम्हाला कोटीची घोषणा नको. पडून असलेल्या एखाद्या सरकारी इमारतीतली एक कोरडी खोली, दोन लोखंडी कपाटं आणि कुलूप द्या. किल्ली मात्र समितीकडे राहील, कार्यकर्त्याकडे नाही. वही भरली की इमारत मागायला आम्हीच येऊ, आणि तेव्हा आत काय ठेवणार याची यादी हातात असेल.

माझ्याकडे जिल्हानिर्मितीच्या काळातल्या वर्तमानपत्रांची कात्रणं आहेत. नोंद क्रमांक एक म्हणून ती द्यायला मी तयार आहे. तुमच्या माळ्यावर काय आहे? खाली लिहा. वस्तू, गाव आणि तालुका, एवढंच. नुसतं "खूप छान सर" लिहू नका. त्यानं कपाट भरत नाही.