जीपीएस मनगटावर की खिशात?

खाडी, पारसिकचा डोंगर आणि रेल्वेची कारशेड यांच्या कोंडीत वसलेल्या कळव्यात धावणाऱ्याला किंवा सायकल चालवणाऱ्याला मोकळा रस्ता शोधावाच लागतो. कुणी खाडीपूल ओलांडून उपवन, येऊरकडे वळतो, तर कुणी विटाव्यावरून ठाणे-बेलापूर रस्ता धरतो. कामावर नेणारी लोकल गाठण्यापूर्वी जो तासभर मिळतो, त्याचा हिशेब नीट लागावा, ही या मंडळींची साधी अपेक्षा असते. मुंबई मॅरेथॉन २००४ पासून धावली जात आहे. ठाण्याची वर्षा मॅरेथॉनही काही वर्षांच्या खंडानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा झाली. साहजिकच अंतर आणि वेग मोजणाऱ्या स्वस्त उपकरणांना मागणी आहे. मात्र या बाजारात किमतीपेक्षा शब्दांनीच ग्राहकाची अधिक फसगत होते.

पहिला फसवा शब्द म्हणजे 'कनेक्टेड जीपीएस'. मनगटी पट्ट्यांच्या आणि स्वस्त स्मार्ट घड्याळांच्या जाहिरातीत तो ठळकपणे झळकतो. प्रत्यक्षात अशा उपकरणात उपग्रहाचे संदेश पकडणारी चिपच नसते. ते खिशातल्या मोबाइलकडून स्थान उसने घेते. मोबाइल घरी ठेवला तर पट्टी केवळ हाताच्या हालचालीवरून पावले मोजते आणि त्यावरून अंतराचा अंदाज बांधते. सायकलच्या हँडलवर हात स्थिर असतो, त्यामुळे तिथे हा अंदाजही कोलमडतो. मोबाइल सोबत न्यायचाच असेल, तर त्यातले एखादे मोफत अ‍ॅपही हेच काम करते. म्हणजे 'कनेक्टेड जीपीएस'साठी मोजलेले जादा पैसे बहुतांशी वाया जातात. 'अंगभूत' अर्थात 'बिल्ट-इन' जीपीएस आहे का, हा म्हणूनच खरेदीचा पहिला प्रश्न असायला हवा.

दुसरा प्रश्न अचूकतेचा. अमेरिकेने नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम ठेवलेला दोष मे २००० मध्ये काढून टाकला आणि सुमारे शंभर मीटरची चूक दहा-वीस मीटरच्या आसपास आली. त्यानंतर तीनच वर्षांत, २००३ मध्ये, गार्मिनने धावपटूंसाठी मनगटी जीपीएस बाजारात आणले. मात्र उपग्रहाचा संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक तीनशे मीटरची ठरते. उंच इमारतींवर आपटून आलेला संदेश थोडा उशिरा पोहोचतो आणि घड्याळ धावपटूला रस्त्याच्या पलीकडे नेऊन ठेवते. पारसिकच्या कुशीत तर डोंगर आकाशाचा एक भागच झाकून टाकतो. एकाऐवजी दोन वारंवारतांवर संदेश घेणारी घड्याळे अशा ठिकाणी सरस ठरतात. पण ती अजून महागच आहेत.

ही चूक किरकोळ वाटते, परंतु तिचा परिणाम किरकोळ नसतो. २१.१ किलोमीटरची अर्धमॅरेथॉन दोन तासांत संपवण्यासाठी दर किलोमीटरला सुमारे ५ मिनिटे ४१ सेकंद हा वेग लागतो. घड्याळ दोन टक्के अंतर वाढवून दाखवत असेल, तर त्यावर विसंबणारा धावपटू दोन तास भरले तेव्हा समाप्तीरेषेपासून चारशे मीटर मागे असतो. त्यातच अधिकृत मार्ग सर्वांत जवळच्या रेषेने मोजला जातो आणि तो कमी भरू नये म्हणून हजारात एक भाग वाढवूनही ठेवतात. गर्दीत नागमोडी धावणाऱ्याला त्याहून जास्तच पळावे लागते. त्यामुळे शर्यतीत घड्याळापेक्षा रस्त्यावरच्या किलोमीटरच्या फलकांवर विश्वास ठेवणे शहाणपणाचे.

सायकलस्वाराचे गणित निराळे आहे. केवळ वेग आणि अंतर हवे असेल, तर चाकाच्या आरीला चुंबक लावून फेरे मोजणारा साधा मीटर पुरेसा आहे. चाकाचा घेर, जो रस्त्यावरच्या सायकलला सुमारे २.१ मीटर असतो, नीट मोजून भरला की हा मीटर पुलाखाली वा झाडीतही चुकत नाही. जीपीएस लागते ते मार्गाची नोंद ठेवण्यासाठी. तेव्हा बॅटरीचा आकडा तपासावा. 'चौदा दिवस' हा आकडा सहसा जीपीएस बंद असतानाचा असतो. दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तासांची मुदत असते. सहा तासांत मान टाकणारे घड्याळ तिथे कुचकामी. मार्गाची नोंद 'जीपीएक्स'सारख्या सर्वमान्य स्वरूपात बाहेर काढता येते का, हेही पाहावे. अन्यथा कंपनीचे अ‍ॅप बंद पडले की वर्षांचा सराव त्याच्याबरोबर जातो.

'नाविक'च्या नावाने खरेदी करणाऱ्यांनीही सबुरीने घ्यावे. या भारतीय प्रणालीचा पहिला उपग्रह २०१३ मध्ये गेला, पण आरंभीच्या उपग्रहांचे संदेश एल-५ आणि एस या पट्ट्यांवर होते. स्वस्त घड्याळांतील चिप बहुधा फक्त एल-१ ऐकते. ती सोय २०२३ च्या एनव्हीएस-०१ पासून सुरू झाली. जानेवारी २०२५ मधील एनव्हीएस-०२ नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही. स्वदेशीचा अभिमान रास्त असला, तरी स्वस्त घड्याळाच्या अचूकतेत त्याचा लाभ दिसण्यास अवकाश आहे.

सर्वांत दुर्लक्षित मुद्दा खासगीपणाचा. घड्याळ स्वतः केवळ संदेश ग्रहण करते. स्थान जगजाहीर होते ते अ‍ॅपमधून. स्ट्राव्हाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नकाशावरून लष्करी तळांच्या जागा उघड झाल्याचे जानेवारी २०१८ मध्ये लक्षात आले. २०२४ मध्ये फ्रान्सच्या 'ल मोंद'ने राष्ट्राध्यक्षांच्या अंगरक्षकांच्या हालचाली याच मार्गाने शोधून दाखवल्या. पहाटे एकट्याने धावणाऱ्या स्त्रीचा रोजचा मार्ग, वेळ आणि घराचा दरवाजा अनोळखी माणसाला दिसणे हा त्याहून जवळचा धोका आहे. घराभोवतीचा भाग लपवण्याची सोय अ‍ॅपमध्ये असते, ती पहिल्याच दिवशी सुरू करावी.

दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये तरतूद आहे आणि १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. परंतु 'कनेक्टेड जीपीएस' हा शब्द खोटा नाही, अपुरा आहे. म्हणूनच तो सुटतो. उपकरण अंगभूत चिपवर चालते की मोबाइलवर, आणि जीपीएस चालू असताना बॅटरी किती तास पुरते, या दोन गोष्टी खोक्यावर छापणे सक्तीचे केले तर अर्धी फसवणूक थांबेल. तोवर मोबाइल नेणाऱ्याने काहीच घेऊ नये, निव्वळ वेग पाहणाऱ्या सायकलस्वाराने चाकाचा मीटर घ्यावा, आणि मोबाइलविना धावणाऱ्यानेच अंगभूत जीपीएसवर पैसे खर्च करावेत.