समजाततेवरचा अन्योन्याश्रयाचा आरोप

उत्क्रांतीविरुद्ध घेतले जाणारे बहुतेक आक्षेप फार काळ टिकत नाहीत. जानेवारी 2018 मध्ये तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादेत म्हणाले, की माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेले नाही, म्हणून डार्विनचा सिद्धांत चूक आहे. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी लगेच संयुक्त निवेदन काढून ते म्हणणे खोडले. एक आक्षेप मात्र वेगळ्या जातकुळीचा आहे. तो तर्कशास्त्राच्या अंगाने येतो आणि विज्ञानाच्या चांगल्या विद्यार्थ्यालाही गप्प करतो. तो असा : दोन प्राण्यांचे अवयव समान पूर्वजाकडून आलेले असले, तर तुम्ही त्यांना समजात म्हणता. मग ते दोन प्राणी एका पूर्वजाचे कशावरून, असे विचारले की उत्तर देता, त्यांचे अवयव समजात आहेत यावरून. म्हणजे पूर्वजावरून समजातता आणि समजाततेवरून पूर्वज. आपल्या शास्त्रांत याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात, आणि तो सिद्ध झाला तर अनुमान कोसळते. या आक्षेपाला हसून उडवणे हा त्याचा अपमान नाही, तो विज्ञानाचाच अपमान आहे. त्याचे उत्तर द्यायला हवे, आणि ते देता येते.

अन्योन्याश्रय हा शब्द वापरायचा तर तो शास्त्रशुद्ध वापरला पाहिजे. ज्या वाईत प्राज्ञपाठशाळेत लक्ष्मणशास्त्री जोशी शिकले आणि जिथून पुढे मराठी विश्वकोश निघाला, त्या वाईच्या सातारा जिल्ह्यात तरी हा आग्रह धरणे योग्यच आहे. न्यायशास्त्राने या दोषाचे तीन प्रकार सांगितले आहेत : उत्पत्तीतला, स्थितीतला आणि ज्ञप्तीतला, म्हणजे कळण्यातला. दोष लागायचा तर दोन्ही बाजूंचे अवलंबन एकाच प्रकारचे हवे. धूर अग्नीपासून उत्पन्न होतो आणि अग्नी धुरावरून कळतो. इथे धूर अग्नीवर आणि अग्नीचे ज्ञान धुरावर अवलंबून आहे, तरी कुणी त्याला अन्योन्याश्रय म्हणत नाही, कारण एक अवलंबन उत्पत्तीचे आहे आणि दुसरे ज्ञप्तीचे. समजाततेचे नेमके हेच आहे. समान पूर्वज हे तिच्या उत्पत्तीचे कारण आहे. ती कळते मात्र दुसऱ्याच साधनाने, आणि त्या साधनात पूर्वजाचे नावही नसते. हे साधन कोणते ते दाखवले की आरोपाचा पायाच निघून जातो.

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात शरीरशास्त्रीय पुराव्यासाठी माणसाचा हात, बैलाचा पाय, वटवाघळाचा चर्मपर आणि देवमाशाचा पर यांची चित्रे शेजारी शेजारी दिली आहेत. त्यातला बैल आपल्या जवळचा आहे, म्हणून तोच घेऊ. आटपाडी, माण, खटाव या टापूतला खिल्लार बैल खाली बसताना पुढचा जो सांधा दुमडतो, त्याला सगळे गुडघा म्हणतात. तो गुडघा नाही. खांद्यापासून मोजत या. खांद्याखाली एक हाड, त्याखाली छातीला चिकटून असलेला कोपराचा सांधा, त्याखाली दोन हाडांची जोडी, आणि मग लहान लहान हाडांचा एक पुंजका. माणसाच्या हातात हा क्रम जिथे पोचतो ते मनगट आहे. बैलाचा पुढचा ‘गुडघा’ म्हणजे त्याचे मनगट. त्याखालची नळी एकसंध दिसते, पण तिच्या पुढच्या बाजूला उभी खाच असते आणि खालचे टोक दुभंगलेले असते. वासरू गर्भात असताना तिथे दोन वेगळी हाडे असतात, ती पुढे जुळतात. ही तळहाताची तिसरी आणि चौथी हाडे. त्यांच्या टोकाला दोन खूर, आणि मागे वर लटकणाऱ्या दोन छोट्या नख्या म्हणजे दुसऱ्या आणि पाचव्या बोटांचे अवशेष. ऊस वाहणाऱ्या बैलाच्या एकेका पायाला दोन वेगळ्या पत्र्या माराव्या लागतात आणि घोड्याला एकच नाल लागते, त्याचे कारण हेच : बैल दोन बोटांवर चालतो, घोडा एकाच, मधल्या बोटावर. आता या साऱ्या ओळखीत पूर्वजाचा उल्लेख कुठे आला? आपण फक्त स्थान पाहिले, कोणते हाड कोणत्या हाडाला जोडलेले आहे ते पाहिले, आणि गर्भातली घडण पाहिली. उत्क्रांती न मानणारा माणूसही याच वाटेने निघाला तर याच मनगटापाशी पोचेल.

इतिहासात अगदी तसेच घडले. 1555 मध्ये पियेर बेलाँ याने पक्ष्याचा आणि माणसाचा सांगाडा शेजारी छापून हाडाला हाड जुळवून दाखवले. डार्विनचा ग्रंथ येण्याआधी तीनशे वर्षे. एतिएन जेफ्रुआ सेंतिलेर याने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या जुळवणीला नियम दिला : अवयव आकाराने मोठा होईल, खुरटेल, नाहीसाही होईल, पण त्याचा शेजार बदलत नाही. मग 1843 मध्ये रिचर्ड ओवेन याने संज्ञा पक्की केली. वेगवेगळ्या प्राण्यांत रूप आणि कार्य कितीही बदलले तरी जो अवयव तोच राहतो तो समजात, आणि ज्याचे केवळ कार्य सारखे तो समकार्य, हा भेद त्याचा. या व्याख्येत वंश नाही, पूर्वज नाही. ओवेन डार्विनचा अनुयायी तर नव्हताच. पुढे तो त्याचा कडवा विरोधक झाला. त्याच्या मते ही समानता एका आदर्श आराखड्यातून आली होती. म्हणजे 1859 मध्ये डार्विनसमोर समजाततेची प्रचंड माहिती तयार होती, ती त्याच्या सिद्धांताचा आधार न घेता गोळा झाली होती, आणि तिचे कारण ठरायचे होते. डार्विनने कारण दिले : हा आराखडा म्हणजे पूर्वजाचे शरीर. आधी ज्ञान, मग कारण, हा क्रम आहे. आपल्या शालेय पुस्तकांत समजात अवयवांची व्याख्याच पूर्वजापासून सुरू होते आणि लगेच ती पुरावा म्हणून मांडली जाते. आरोप जन्मतो तो या उलट्या मांडणीतून. दोष मांडणीचा आहे, विज्ञानाचा नाही.

हाडांचे उदाहरण पुरेसे वाटत नसेल तर तासगावच्या द्राक्षबागेत चला, कारण तिथे हा पुरावा दर हंगामात डोळ्यांसमोर घडतो आणि त्यावर लोकांचे पोट अवलंबून असते. खरड छाटणीनंतर काडी वाढत असताना डोळ्याच्या आत सूक्ष्मघडनिर्मिती होते. त्या अवस्थेत तिथे जो कोवळा कोंब असतो तो घड होईल की बाळी, म्हणजे आधाराला विळखा घालणारा तंतू, होईल हे ठरलेले नसते. ऊन भरपूर मिळाले आणि सायटोकायनिन या संप्रेरकाचे पारडे जड झाले तर घड. ढगाळ हवा राहिली, शेंडा जोमाने धावत राहिला आणि जिब्रेलिन या दुसऱ्या संप्रेरकाचा जोर झाला तर बाळी. फळछाटणीनंतर बाग फुटते तेव्हा शेतकरी पाहतो, की घडाच्या जागी बाळी आली आहे, किंवा अर्धा घड आणि अर्धी बाळी, किंवा बाळीच्याच टोकाला दोनचार मणी. ज्याचे वर्ष यात गेले त्याला बाळी आणि घड एकाच मुळाचे आहेत हे पटवून द्यावे लागत नाही. आडोल्फ रेमाने याने 1952 मध्ये समजातता ओळखण्याच्या तीन कसोट्या नोंदवल्या : स्थान, रचनेतले बारकावे आणि मधली रूपे. बाळी आणि घड दोन्ही पेरावर पानाच्या समोरच्या बाजूने निघतात. दोन्हींची फांद्या फुटण्याची रीत सारखी. आणि मधली रूपे बागेत टांगलेली असतात. खुद्द डार्विनने 1865 मध्ये वेलींवर लिहिताना द्राक्षाच्या फुलोऱ्यापासून बाळीपर्यंतच्या पायऱ्या वर्णिल्या होत्या. 2002 मध्ये पिनो म्यूनिए या द्राक्षजातीपासून मिळवलेल्या एका खुज्या वेलीत बाळीच्या जागी घडच येतात असे दिसले, आणि त्यामागे जिब्रेलिनाला प्रतिसाद देणाऱ्या एका जनुकातला बदल सापडला. ही एकाच वेलीच्या दोन अंगांमधली समजातता आहे. ओवेनने तिला वेगळा प्रकार म्हणून आधीच नोंदवले होते. जातीजातींमधली समजातता पाहायची तर द्राक्षाच्याच कुळातली कांडवेल पाहावी. तिचीही बाळी पानासमोरून निघते, आणि तिला द्राक्षाशी जोडताना कुणी फळाची चव विचारात घेत नाही.

इथे दुसरा पूर्वपक्ष उभा राहतो, आणि तो ओवेनचाच आधुनिक वारस आहे : समानता मान्य, पण ती एका कर्त्याच्या एका योजनेमुळे आहे, वंशामुळे नाही. याचे उत्तर वाटाण्याच्या वेलीत आहे. वाटाण्याचीही बाळी आधाराला विळखा घालते, द्राक्षाइतकीच चोख. पण ती संयुक्त पानाच्या टोकाच्या पर्णिकांपासून झालेली असते, फुलोऱ्याशी तिचा संबंध नाही. काम एकच असताना दोन वेगळे अवयव राबवले गेले, आणि कामे पूर्ण वेगळी असताना बैलाच्या पायात आणि वटवाघळाच्या पंखात तीच हाडे वापरली गेली. योजना कामासाठी असती तर नेमके उलट दिसायला हवे होते. वंश मानला की दोन्ही गोष्टी एका दमात उलगडतात : प्रत्येक कुळाला जे मिळाले होते त्यातूनच त्याने गरज भागवली. शिवाय योजनेचा सिद्धांत काही आधी सांगू शकत नाही; काहीही सापडले तरी तो शाबूत राहतो. वंशाचा सिद्धांत जोखीम घेतो. 1837 मध्ये कार्ल रायखर्ट याने गर्भ पाहून दाखवले, की आपल्या मध्यकर्णातली दोन हाडे सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जबड्याच्या सांध्यातली आहेत. हे खरे आणि वंशही खरा, तर जुना आणि नवा असे दोन्ही सांधे एकत्र असलेला प्राणी कधीतरी जगलेला असला पाहिजे. विसाव्या शतकात दक्षिण आफ्रिकेत सापडलेल्या डायआर्थ्रोग्नॅथसच्या जबड्यात दोन्ही सांधे शेजारी शेजारी आहेत. रायखर्टने हे जीवाश्म पाहिले नव्हते, डार्विननेही नाही.

तिसरा आक्षेप जीवशास्त्राच्या आतून येतो, म्हणून अधिक आदराने ऐकावा लागतो. गॅव्हिन डी बिअर याने 1971 मध्ये समजातता हा न सुटलेला प्रश्न आहे असे लिहिले, कारण समजात अवयव कधी गर्भाच्या वेगळ्या भागातून घडतात, कधी वेगळ्या जनुकांच्या हुकमाने. उलट, माशी आणि उंदीर यांचे डोळे अगदी वेगवेगळ्या रचनेचे, पण दोन्हींच्या घडणीत पॅक्स-6 या एकाच कुळातले जनुक काम करते. मग समजात काय आणि काय नाही? यात संज्ञेचे अपयश नाही. प्रश्न अर्धवट विचारला जातो आहे. समजातता नेहमी कशाच्या तरी नात्याने असते. घारीचा आणि वटवाघळाचा पंख पुढचे पाय या नात्याने समजात आहेत, पंख या नात्याने नाहीत. घारीच्या पिसांचा भार हाताच्या हाडांवर आहे, वटवाघळाची कातडी लांबलेल्या चार बोटांवर ताणलेली आहे, आणि उडणे त्यांनी स्वतंत्रपणे मिळवले. चतुराच्या पंखाशी तर दोघांचेही तसे काही जुळत नाही. तसेच माशीच्या आणि उंदराच्या डोळ्यांमागचे जनुक समजात आहे, डोळ्याची रचना नाही. हा भेद ई. रे लँकेस्टर याने 1870 मध्येच मागितला होता. रेणूंच्या अभ्यासात तो आणखी काटेकोर झाला आहे, आणि म्हणूनच दोन जनुके अमुक टक्के समजात आहेत असे लिहिणे चूक आहे. साम्य टक्क्यांत मोजता येते. उगम एक असतो किंवा नसतो.

एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून 2023-24 पासून उत्क्रांतीचा भाग गेला. राज्य मंडळाच्या पुस्तकात तो आहे, ही मोठी गोष्ट आहे आणि ती जपायला हवी. पण तो शिकवण्याचा क्रम बदलला पाहिजे. आटपाडीच्या वर्गात आधी बैलाचे मनगट शोधायला सांगावे, तासगावच्या वर्गात आधी बाळी कुठून निघते ते पाहायला लावावे, आणि पूर्वज हा शब्द तोवर उच्चारू नये. मुलांनी जुळवणी स्वतः केल्यावर, हे असे का जुळते, असा प्रश्न त्यांनीच विचारला की मग डार्विनचे उत्तर सांगावे. त्या क्रमाने शिकलेल्या मुलासमोर अन्योन्याश्रयाचा आक्षेप कुणी ठेवला, तर पुराव्याचे कोणते पाऊल पूर्वज न मानता टाकले होते, हे ते मूल बोट ठेवून दाखवू शकेल.