पेणकर, रोहेकर आणि तुमचा मोबाइल
पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर. आडनावं आपल्याच गावांची ना? पण यातले कित्येक जण १९४८ नंतर इस्रायलला गेले. हे बेने इस्रायली. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून शनिवार तेली. आज त्यांची नातवंडं वंशावळीच्या साइट्सवर पणजोबा शोधतात आणि अडकतात. रोमन लिपीत एकाच आडनावाची चार स्पेलिंग्ज! इकडच्या बऱ्याच कबरींवर हिब्रूसोबत मराठी कोरलंय, ते त्यांना वाचता येत नाही. तुम्हाला येतं. खाऱ्या वाऱ्याने अक्षरं झिजतायत. सरकार बघेल म्हणून थांबू नका. अलिबागकडच्या दफनभूमीत परवानगी काढून जा, नाव-साल नीट टिपा, फोटो अपलोड करा. रील नंतर. आणि हो, अक्षर उठून दिसावं म्हणून दगडावर खडू घासू नका.