गॅरेजची भीती आणि विमानाचा पंखा



आज आधी माझीच चूक सांगते. चौथीच्या वर्गात एक मुलगा सारखा खिडकीबाहेर बघत होता. रागाच्या भरात मी बोलून गेले, "अभ्यास केला नाहीस, तर गॅरेजात पाने फिरवत बसशील!" वर्ग हसला. त्याच्या शेजारची मुलगी मात्र हसली नाही. तिचे वडील इथेच कशेळ्यात मोटारसायकली दुरुस्त करतात. माझ्या ते लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता.

दोनच दिवसांनी आम्ही भिरभिरं करून विमानाच्या पंख्याबद्दल बोलत होतो. तीच मुलगी उठली आणि म्हणाली, "बाई, विमानाचा पंखा बिघडला तर कोण नीट करतं?" मी म्हटलं, "असतात कंपनीची माणसं." उत्तर देऊन मोकळी झाले, पण घरी आल्यावर ते उत्तर मलाच टोचत राहिलं. मग नीट वाचलं. जे कळलं ते तुमच्यासमोर ठेवते.

आधी पंखा चालतो कसा ते पाहू. पेज नदीत पोहणारं पोर हाताने पाणी मागे लोटतं आणि स्वतः पुढे जातं. विमानाचा पंखा तसाच हवा मागे लोटतो आणि विमान पुढे जातं. हाच न्यूटनचा तिसरा नियम. पण पंख्याचं पातं म्हणजे साधी पट्टी नव्हे. ते विमानाच्या पंखासारखं एका बाजूने फुगीर असतं आणि त्याला पीळ दिलेला असतो. हा पीळ कशासाठी? इथे गणिताचा तास घ्या. सेसना १७२ सारख्या शिकाऊ विमानाच्या पंख्याचा व्यास साधारण १.९ मीटर असतो. तो मिनिटाला २,४०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ४० फेरे झाले. मध्यापासून ३० सेंटीमीटरवरचा बिंदू एका सेकंदात सुमारे ७५ मीटर जातो आणि पात्याचं टोक सुमारे २३९ मीटर! मध्याजवळचा भाग हळू फिरतो म्हणून तिथे पातं जास्त तिरकं ठेवतात, तर टोक वेगाने फिरतं म्हणून तिथे कमी तिरकं. त्यामुळे पात्याचा प्रत्येक भाग आपापलं काम नीट करतो.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. भातकापणीला विळ्याच्या धारेला खांडा पडला तर आपण कानशीने घासून घेतो. धावपट्टीवरचा एखादा खडा उडून पात्याला लागला, की तिथेही असाच बारीक टवका उडतो. दिसायला तो क्षुल्लक असतो. पण पंखा फिरताना पात्यावर प्रचंड ताण येतो आणि तो ताण नेमका त्या टवक्यापाशी गोळा होतो. तिथून चीर सुरू होते. चीर वाढत गेली तर पात्याचा तुकडाच उडू शकतो. म्हणून उड्डाणाआधी पात्याची कड बारकाईने तपासतात. धातूच्या पात्यावर छोटा टवका सापडला, तर परवानाधारक तंत्रज्ञ तो कानशीने घासून गुळगुळीत, उथळ करतो. किती घासायचं याचीही मर्यादा निर्मात्याने ठरवलेली असते. शिवाय बोल्टची घट्टाई, पात्यांचा समतोल आणि तेलगळतीही तपासावी लागते. ठरावीक तास किंवा ठरावीक वर्षं झाली, की पंखा उतरवून पूर्ण तपासतात, विमान नुसतं उभं असलं तरीही. कारण गंज काही उड्डाणाची वाट बघत नाही.

समतोलाचा प्रयोग वर्गात सहज होतो. जुन्या खेळण्यातली छोटी मोटर, मऊ प्लास्टिकची पाती आणि दोन सेल एवढंच लागतं. आधी पंखा तसाच फिरवा. मग एका पात्याला चिकणमातीची बारीक गोळी घट्ट चिकटवा, मुलांना मागे उभं करा आणि पुन्हा फिरवा. आमच्या वर्गात अख्खं बाक थरथरलं. "एवढ्याशा मातीने?" असं मुलांनीच विचारलं. माझा अर्धा पाठ तिथेच शिकवून झाला.

आणखी एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. राईट बंधू सायकलवाले होते. त्यांच्या विमानाचे लाकडी पंखे साखळीने फिरत. इंजिन बनवलं ते त्यांच्या दुकानातल्या चार्ल्स टेलर या मेकॅनिकने. नोव्हेंबर १९०३ मध्ये पंख्याच्या दांड्याला तडा गेलेला आढळला. तडा वेळेत दिसला, नवे पोलादी दांडे आणले, म्हणून १७ डिसेंबरला उड्डाण झालं. राईट बंधूंची नावं जगाला पाठ आहेत, टेलर मात्र पुस्तकात सापडत नाही. आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर कॅप्टन अमोल यादव यांचं द्या. त्यांनी कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी पंख्याचं विमान बांधलं, २०१६ मध्ये ते मुंबईच्या प्रदर्शनात मांडलं आणि २०१७ मध्ये त्याची नोंदणी मिळवली. तिथेही पाने फिरवावेच लागले असतील ना?

म्हणून माझं म्हणणं असं. आपण मुलांना "शोध कोणी लावला" हे पाठ करून घेतो, पण "ते रोज चालू कोण ठेवतं" हे विचारतच नाही. वर, हाताने काम करणं म्हणजे जणू नापासाची शिक्षा, असं आपणच बोलून दाखवतो. मग विमानाची देखभाल हे बारावी विज्ञानानंतर शिकता येणारं, परवाना लागणारं जबाबदारीचं काम आहे, हे आपल्या पोरांना कळणार तरी कसं? कोणी म्हणेल, सगळ्यांना मेकॅनिकच करायचंय का? अजिबात नाही. भाषा-गणित पक्कं हवंच, नाहीतर वरचं ४० फेऱ्यांचं गणित सुटणार नाही. पण अभ्यास हवा तो ते काम कळण्यासाठी. त्या कामाची भीती घालून अभ्यास करून घेणं बरोबर नाही.

पुढच्या आठवड्यात मी त्या मुलीच्या वडिलांना वर्गात बोलावलं आहे. सायकलच्या चाकाचा आऊट कसा काढायचा ते ते मुलांना दाखवणार आहेत. "मी काय शिकवणार बाई, मी सातवी शिकलेलो," असं म्हणून ते लाजले. मी त्यांना म्हटलं, "दादा, तुम्ही या. मलाही शिकायचंय."

तुमच्या गावात असं कोण आहे? त्यांना एकदा वर्गात बोलवून बघा. आणि पालकहो, घरी गॅरेजची भीती घालणं तेवढं थांबवूया. मी थांबवलं आहे.