अस्वलाची झोप, माणसाचे अंथरूण

मोठे दुखणे आले की 'पडून राहा, हलू नका' हा आपल्या घरांतील पहिला उपदेश असतो. विश्रांतीचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. परंतु निश्चल पडून राहणे हे निराळे प्रकरण आहे. मांडीचे हाड मोडलेल्या आजीबाई शस्त्रक्रियेतून सुखरूप बाहेर येतात, घरी जाण्याच्या गोष्टी सुरू होतात, आणि एके सकाळी अकस्मात धाप लागून काही मिनिटांत सारे आटोपते. अशा मृत्यूचे मूळ पुष्कळदा पायात असते.

पायांतील रक्त वर चढविण्याचे काम बव्हंशी पोटरीचे स्नायू करतात. चालताना ते आवळतात व नीलांतील रक्त हृदयाकडे ढकलतात. हे थांबले की रक्त खोल नीलांत रेंगाळते, तेथे गुठळी धरते, आणि ती सुटून फुप्फुसात जाऊन अडकते. फुप्फुसातील गुठळी अशी दुरून वाहत येते, हे जर्मन वैद्य रूडॉल्फ व्हिर्खो यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिले होते. १९४० साली लंडनवर बॉम्बवर्षाव होत असता लोक आश्रयस्थानांत आरामखुर्च्यांवर बसून रात्री काढीत. त्यांतील काहींना मृत्यू आला तो बॉम्बने नव्हे, तर या गुठळीने. खुर्चीची पुढची लाकडी कड पायांना मागून दाबीत असे, हे न्यायवैद्यकतज्ज्ञ कीथ सिम्प्सन यांनी त्याच वर्षी निदर्शनास आणले.

मग अस्वलाचे काय? थंड प्रदेशातील तपकिरी अस्वल हिवाळ्यात कित्येक महिने गुहेत पडून असते. खात नाही, पीत नाही, आणि तरीही वसंतात धडधाकट बाहेर येते. (आपल्या रानांतील मोहाच्या फुलांवर ताव मारणारे काळे अस्वल अशी शीतनिद्रा घेत नाही, हिमालयातील त्याचा तपकिरी भाऊबंद मात्र घेतो.) म्युनिक येथील संशोधकांनी इतर देशांतील सहकाऱ्यांसह स्वीडनमधील १३ रानटी अस्वलांचे रक्त हिवाळ्यात व पुन्हा उन्हाळ्यात तपासले. डेंग्यूमुळे घरोघरी नाव झालेल्या प्लेटलेट या कणिकांत त्यांना उत्तर सापडले. एचएसपी-४७ नावाचे एक प्रथिन निद्रिस्त अस्वलाच्या प्लेटलेटांत सुमारे ५५ पटींनी घटलेले होते. हे प्रथिन गुठळी बनण्यास हातभार लावते. ते नसले की प्लेटलेट पांढऱ्या पेशींना फारसे चिथावीत नाहीत. हे संशोधन २०२३ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील एका जातीच्या खारीची युक्ती वेगळीच: शीतनिद्रेत ती आपल्या बहुतेक प्लेटलेट यकृतात साठवून ठेवते व जागी होताच परत रक्तात सोडते.

माणसाजवळ असे काहीच नाही, असे मात्र नाही. पाठीच्या कण्याला इजा होऊन वर्षानुवर्षे चाकांच्या खुर्चीत असलेल्या रुग्णांतही हेच प्रथिन कमी आढळले. निरोगी स्वयंसेवकांना २७ दिवस अंथरुणावर झोपवून ठेवले, तेव्हाही ते उतरले. कण्याच्या रुग्णांना गुठळीचा धोका सर्वांत अधिक असतो तो पहिल्या तीन महिन्यांत. पुढे तो पुष्कळ ओसरतो. शरीर सावरते, पण सावकाश. अस्वलाला थंडीची चाहूल आधी लागते. पाय घसरून पडणाऱ्याला कसलीच पूर्वसूचना नसते. म्हणून पहिले दिवस व आठवडे हेच घातक.

शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्याच दिवशी रुग्णास उठवून बसविणाऱ्या परिचारिकेला घरची मंडळी निर्दय ठरवितात, तो तिच्यावर अन्याय आहे. बाळंतिणीला महिनाभर बाजेवरून उतरू न देणे हेही असेच. प्रसूतीतील रक्तस्राव आवरावा म्हणून तिचे रक्त त्या काळात निसर्गतःच लवकर गोठते. घरात तिला हिंडूफिरू द्यावे. ज्यांना उठणे शक्यच नाही त्यांच्या पायांच्या घोट्यांची हालचाल करवावी, पाणी पुरेसे द्यावे, आणि गुठळी टाळण्याच्या इंजेक्शनाची गरज आहे काय, हे डॉक्टरांना विचारावे.

एकच पाय सुजला, पोटरी दुखू लागली, तर तेल लावून तो चोळू नये. चोळण्याने गुठळी सुटू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. त्यातच धाप लागली किंवा छातीत कळ आली, तर क्षणभरही न थांबता रुग्णास रुग्णालयात न्यावे.