राखणीवर आलेला शिकारी कुत्रा आणि हिवाळा

मार्गशीर्ष-पौषाच्या दिवसांत गव्हाला पाणी देण्याचे काम पुष्कळदा रात्री उरकावे लागते. शेतीपंपांना अनेक भागांत वीज पाळीपाळीने मिळते. पाळी रात्रीची आली की शेतकरी कानांवर मफलर गुंडाळून, अंगावर घोंगडी घेऊन दारे धरण्यास निघतो. त्याच्या मागोमाग त्याचा कुत्राही निघतो. मालक पाटातून चालला की कुत्राही पाटातून चालतो. मालक बांधावर थांबला की कुत्रा ओल्या पायांनी त्याच्या शेजारी उभा राहतो. पहाटे मालक घरी येऊन चुलीपुढे बसतो. कुत्र्यास मात्र खोपीजवळच्या खुंटास बांधून ठेवण्यात येते, कारण राखण हे त्याचे कामच आहे, अशी सर्वांची समजूत असते.

गाईसाठी गोठा असतो, कोंबड्यांसाठी खुराडे असते आणि बैलाच्या पाठीवर कडाक्याच्या थंडीत गोणपाट टाकण्याची रीत आजही पुष्कळ ठिकाणी पाळली जाते. कुत्र्याच्या निवाऱ्याचा विचार मात्र क्वचितच होतो. गावठी, दाट केसांच्या कुत्र्याच्या बाबतीत ही हयगय एक वेळ निभावून जाते. परंतु मुधोळ, कारवान, पशमी अशा शिकारी जातींच्या बाबतीत ती निभावत नाही. आणि दक्षिण महाराष्ट्रात व मराठवाड्यात शेतावर पाळली जाणारी कुत्री पुष्कळदा याच जातींची अथवा त्यांच्या संकराची असतात.

या जाती मुळात कशासाठी घडविल्या गेल्या, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. मुधोळ हे आज कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात येते. तेथील घोरपडे संस्थानिकांनी या जातीच्या संवर्धनास मोठा हातभार लावला. भारतीय टपाल खात्याने २००५ साली देशी कुत्र्यांच्या चार जातींवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळचा समावेश होता. उघड्या माळावर सशाचा वा हरणाचा पाठलाग करून थोड्या वेळात त्यास गाठणे हे या कुत्र्याचे काम होते. त्यासाठी त्याची छाती खोल, पोट आत ओढलेले, पाय लांब, कातडी पातळ आणि केस आखूड ठेवले गेले. अंगावर चरबी जवळजवळ नसतेच. धावताना त्याच्या स्नायूंतून एवढी उष्णता निर्माण होते की ती लवकर बाहेर टाकणे हीच त्याच्या शरीराची मुख्य गरज असते, आणि त्याची सारी ठेवण त्या गरजेला धरून आहे.

पुढे काळ पालटला. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण अधिनियम आला आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर परवाना घेऊन होणारी शिकारही बंद झाली. हे योग्यच झाले. कुत्री लावून ससा किंवा काळवीट मारणे हा आज अपराध आहे, आणि ‘आमचा कुत्रा आपणच धावला’ ही सबब मालकास वाचवील अशा भरवशावर कोणी राहू नये. शिकार थांबली तरी कुत्रा राहिला. त्याला शेतकऱ्याने राखणीस लावले. रानडुकरांच्या उपद्रवामुळे राखणीची गरजही वाढली. परंतु धावण्यासाठी घडविलेल्या या जनावरास आता रात्रभर एका जागी, दवात आणि ओल्या काळ्या जमिनीवर थांबावे लागते. उष्णता लवकर बाहेर टाकणारे तेच शरीर या नव्या कामात त्याचे वैरी होते. मालकाने कुत्र्याचे काम बदलले, तर त्याची निगाही बदलली पाहिजे; आणि नेमके तेच आजवर झालेले नाही.

महाराष्ट्रात हिमालयासारखी थंडी नाही. कान वा शेपटी गोठून काळी पडण्याचे प्रसंग येथे सहसा येत नाहीत, त्यासाठी पारा शून्याखाली जावा लागतो. तथापि निफाडच्या परिसरात तो काही हिवाळ्यांत ५ अंश सेल्सिअसच्याही खाली उतरलेला आहे. शिवाय येथील खरा धोका कोरड्या थंडीचा नसून ओल्या थंडीचा आहे. पाणी हे हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. म्हणून १० अंशांच्या कोरड्या रात्री जो कुत्रा नुसता अंग आखडून निजतो, तोच पाटातून भिजून आला आणि वाऱ्यात बांधला गेला तर पहाटेपर्यंत संकटात सापडू शकतो. दुपारी ऊन चांगले पडते, त्यामुळे मालकास पहाटेच्या थंडीची कल्पना येत नाही, ही आणखी एक अडचण.

कुत्र्यास निवारा द्यावा असे सुचविले की शेतकऱ्यांकडून दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा की, झूल घातली आणि अंथरूण दिले की कुत्रा नाजूक होतो. दाट दुहेरी केसांच्या जातींना थंडी पडू लागताच आतील लव वाढते, हे खरे आहे, आणि त्यांच्यापुरता या आक्षेपात काही अर्थ आहे. मुधोळ किंवा कारवान यांच्या अंगावर मात्र आखूड केसांचा एकच थर असतो. सवयीने त्याचे दोन थर होत नाहीत. अशा कुत्र्यास काटक करण्यासाठी थंडीत उघडे ठेवणे म्हणजे त्याच्या अंगातील मूठभर चरबीही जाळून टाकणे होय.

दुसरा आक्षेप असा की, उबेत निजलेला कुत्रा राखण करीत नाही. हा आक्षेप अधिक पसरलेला आहे आणि अधिक चुकीचाही आहे. कुत्र्याची राखण त्याच्या कानांवर व नाकावर चालते, आणि ही इंद्रिये निजल्यावरही जागी असतात. कोरड्या पाचटावर पडलेला कुत्रा कुंपणापाशी पाचोळा वाजताच उठतो. उलट, हुडहुडी भरून नाक शेपटीखाली खुपसून बसलेल्या कुत्र्याची सारी शक्ती ऊब राखण्यातच खर्ची पडते. थंडी अधिक वाढली तर तो सुस्तावतो, आणि मग डुकरे उभे पीक तुडवून गेली तरी त्याचे भुंकणे ऐकू येत नाही. सकाळी दोष मात्र कुत्र्याला दिला जातो.

खर्चाचा आक्षेप कोणी घेत नाही, कारण येथे खर्च म्हणावा असा नाहीच. एक चांगले गोणपाट उसवून त्यास आतून जुन्या कांबळ्याचा तुकडा शिवला की झूल तयार होते. ती मानेपासून शेपटीच्या बुडापर्यंत पोचावी आणि पुढून छाती झाकावी, कारण शिकारी कुत्र्याची छाती हीच सर्वांत उघडी पडते. पोटाखाली बांधण्यास कापडाची रुंद नाडी वापरावी. सुतळीने पातळ कातडी कापली जाते. नराच्या बाबतीत पोटाचा मागील भाग मोकळा सोडावा, नाहीतर झूल मूत्राने भिजते. भिजलेली झूल तत्काळ काढली पाहिजे. ओली झूल अंगावर असण्यापेक्षा झूल नसलेली बरी, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. झूल रोज सकाळी काढून उन्हात टाकावी व तिच्याखाली गोचीड झाले आहेत काय हे हाताने चाचपून पाहावे. कुत्रा मोकळा धावणार असेल तेव्हाही झूल उतरवावी, कारण काटेरी तारेत ती अडकली तर कुत्र्याचा गळा आवळला जाण्याचे भय असते.

झुलीपेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे जमिनीचा स्पर्श तोडणे. चार विटांवर एक जुनी फळी, तिच्यावर वीतभर उसाचे पाचट किंवा गव्हाचे काड, आणि भोवती तीन बाजूंनी आडोसा, एवढे पुरे आहे. आडवे टाकून बुडाशी विटा लावलेले रिकामे पिंपही चालते. मात्र त्यात पूर्वी कीटकनाशक साठविलेले नसावे. हिवाळ्यात वारा बहुधा उत्तरेकडून व ईशान्येकडून येतो, म्हणून तोंड दक्षिणेस ठेवावे. निवारा फार मोठा करू नये. कुत्र्याच्या अंगच्या उबेनेच तो गरम व्हावयाचा असतो, आणि प्रशस्त खोलीत ती ऊब टिकत नाही. पाचट दर आठवड्यास पालटावे. अंगावर मांस कमी असलेल्या कुत्र्यास कठीण जमिनीवर निजून कोपरांवर घट्टे पडतात व पुढे तेथे जखमा होतात. मऊ अंथरुणाने हाही त्रास टळतो.

उसाच्या पट्ट्यात निवाऱ्यास एक दार आणि दारास कडी असणे आणखी एका कारणासाठी अगत्याचे आहे. जुन्नर, अकोले, निफाड या भागांत बिबट्याचा वावर आहे आणि कुत्रा हे त्याचे आवडते भक्ष्य आहे. उघड्यावर साखळीने बांधलेल्या कुत्र्यास पळण्यासही वाव नसतो. अशा ठिकाणी रात्री तो बंद निवाऱ्यातून भुंकला तरी राखण पुरेशी होते.

आहाराविषयी थोडेसे. भाकरी आणि ताक एवढ्यावर राखणीचा कुत्रा उन्हाळा काढू शकेल, हिवाळा काढू शकणार नाही. थंडीत ऊब टिकविण्यासाठी शरीर अधिक अन्न जाळते. म्हणून संध्याकाळच्या भाकरीवर चमचा-दोन चमचे तेल घालावे आणि जमेल तेव्हा शिजविलेले अंडे किंवा मांसाचे तुकडे द्यावेत. बरगड्यांवरून हात फिरविल्यास त्या बोटांना लागाव्यात, परंतु दुरून सगळ्याच मोजता येऊ नयेत. शेवटच्या दोन-तीन दिसल्या तर या जातींत ते स्वाभाविक समजावे. द्राक्षे व बेदाणे कुत्र्यास विषारी असून त्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. नाशिक व सांगलीकडील बागायतदारांनी, विशेषतः लाडाने बेदाणे चारणाऱ्या मुलांनी, हे ध्यानात ठेवावे.

पंजांकडे रोज पाहिले पाहिजे. ओल्या चिखलातून कोरड्या ढेकळांत आणि तेथून ज्वारीच्या धसकटांत फिरून पंजांच्या गाद्या भेगाळतात. त्या भेगांत चिखल वाळून बसला की कुत्रा लंगडू लागतो. कामावरून परतल्यावर पंजे कोमट पाण्याने धुऊन, बोटांच्या मधली जागाही कोरडी पुसून, खोबरेल तेलाचा हात लावावा. खोल जखम असेल तर घरगुती उपाय करीत बसू नये.

आता गारठलेल्या कुत्र्याविषयी. येथेच सर्वांत मोठी चूक होते, म्हणून हा भाग गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्यक्ष प्रात्यक्षिकाने समजावून द्यावा. निरोगी कुत्र्याचे तापमान सुमारे ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते, म्हणजे माणसाहून थोडे अधिक. थंडी बाधू लागली की प्रथम तो कापतो. कापणे हे शरीर झुंजत असल्याचे लक्षण आहे. पुढे कापणे थांबते, चाल अडखळते, हिरड्या फिक्या पडतात, हाक मारली तरी तो मान उचलीत नाही. ‘आता कापायचा थांबला, बरा झाला’ असे समजून मालक निश्चिंत होतो, आणि कुत्रा त्याच वेळी हाताबाहेर जाऊ लागलेला असतो. घरातील तापमापक गुदद्वारात लावून पाहावा. हा तापमापक सहसा ३५ अंशांच्या खालचे दाखवीत नाही. तेव्हा पारा मुळीच चढला नाही, किंवा विजेरीवरील तापमापकाने आकडाच दाखविला नाही, तर तापमान त्याहून खाली गेले असे समजून पशुवैद्यास तातडीने बोलवावे.

पशुवैद्य येईपर्यंत कुत्र्यास वाऱ्यातून आत आणावे, ओली झूल काढावी आणि अंग कोरड्या फडक्याने टिपावे. जोराने चोळू नये. कोमट पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून छातीशी व पोटाशी ठेवाव्यात आणि वरून घोंगडी पांघरावी. शेकोटीजवळ नेऊन ठेवू नये. गारठलेल्या कातडीस चटका कळत नाही, त्यामुळे कुत्रा भाजतो. शिवाय कातडीकडे एकदम रक्त धावून आतील अवयवांचा रक्तपुरवठा कमी पडतो. कुत्रा पूर्ण शुद्धीवर असून स्वतः गिळत असेल तरच कोमट गुळपाणी द्यावे. बेशुद्ध जनावराच्या तोंडात काही ओतल्यास ते फुप्फुसात जाते. दारू पाजणे हा उपाय नव्हे. तिने उष्णता अधिकच निघून जाते. सांधे आखडले म्हणून माणसाच्या वेदनाशामक गोळ्या देण्याचा प्रघात पडू लागला आहे. त्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे बिघडतात आणि कित्येकदा कुत्रा थंडीने नव्हे तर गोळीने मरतो.

हिवाळ्यात व्यालेल्या कुत्रीची पिले हा वेगळा प्रश्न आहे. पहिले दोन आठवडे पिलांना स्वतःची ऊब राखता येत नाही व नीट कापताही येत नाही. आईखालून बाजूस सरकलेले पिलू रात्रीतून गार पडते. अशी कुत्री शेतावर न ठेवता घराच्या पडवीत आणावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांना या सर्व बाबतीत कायद्याचाही आधार आहे. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियमाच्या ११ व्या कलमान्वये प्राण्यास पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे आणि आखूड साखळीने गैरवाजवी काळ बांधून ठेवणे ही क्रूरता ठरते. तरीही कायद्याचा धाक घालून हे काम फारसे होणार नाही. २०१९ च्या पशुगणनेत पाळीव कुत्र्यांची नोंद झाली, तेव्हा गणना करणारा माणूस दारापर्यंत गेलाच होता. लसीकरणाच्या निमित्ताने तो आजही जातो. त्या वेळी कुत्रा रात्री कोठे निजतो, एवढे विचारून ती जागा पाहून यावी. दिवाळी आटोपली की शेतकऱ्याकडे रिकामी गोणपाटे असतात, उसाच्या भागात तोडणी सुरू होऊन पाचटही पडू लागते, आणि कडाक्याची थंडी यावयास अद्याप काही आठवडे अवकाश असतो.